स्वच्छ नोंदी

हजेरीचा कागद माझ्याआधी हॉलवर पोचला होता आणि त्यावर एकोणीस सह्या झालेल्या होत्या. हॉलमध्ये मात्र मी, शिपाई दिनकर आणि प्रोजेक्टर, एवढेच.

मी दिनकरकडे बघितलं तर तो म्हणाला, काळजी करू नका मॅडम, नियम पंधराचा आहे, मी चार जास्तच घेतल्यात. सकाळी चहाच्या वेळी स्टाफरूममध्ये फिरून त्यानं सगळ्यांच्या सह्या गोळा केल्या होत्या. त्यातले एक सर तर आठवडाभर रजेवर होते. त्यांची सही कुणी केली हे मी विचारलं नाही. आमच्या कॉलेजच्या स्थापत्य विभागात पद्धतच होती तशी. कुणाचाही सेमिनार असला की कागद फिरायचा, आणि आपण एका हातात चहाचा कप धरून दुसऱ्या हातानं सही ठोकायची. मीसुद्धा वर्षानुवर्षं ठोकत आले होते. त्या दिवशी कागदाच्या डोक्यावर माझं नाव होतं, एवढाच फरक.

ही गोष्ट डिसेंबर दोन हजार पाचची. माझ्या पीएचडीचं नववं वर्ष संपत आलं होतं. प्रबंध विद्यापीठाकडे पाठवण्याआधी विभागात एक जाहीर सादरीकरण करावं लागतं. समितीनं हरकत नाही म्हटलं की प्रबंध बांधायला टाकायचा. मिळतील तेवढ्या मुदतवाढी मी घेऊन बसले होते. एकतीस मार्चच्या आत प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, मग पुन्हा पहिल्यापासून. आणि त्रेचाळिसाव्या वर्षी पहिल्यापासून कोण काय करतंय.

खरं सांगायचं तर डिग्रीपेक्षा मला दुसरीच धास्ती होती. आई गेल्यापासून स्टाफ क्वार्टर्समध्ये मी एकटी राहत होते. साडेपाचला घरी यायचं, कुकर लावायचा आणि जेवणाच्या टेबलावर नदीच्या नोंदवह्या पसरायच्या. नऊ वर्षं माझ्या संध्याकाळी त्या तांबडी नदीनं निभावून नेल्या होत्या. काम पुरं होऊन संपणं वेगळं. ते बुडालं असतं तर साडेपाचनंतर मी स्वतःचं काय केलं असतं, मला खरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्यांच्या सेमिनारला घरची माणसं यायची. बायको रेशमी साडी नेसून पहिल्या रांगेत, सासरे पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन. माझा भाऊ नागपूरला. त्यानं आदल्या दिवशी फोन केला आणि विषय काय आहे ते पुन्हा एकदा विचारलं. मीही हौसेनं कचोरी आणि पेढ्याच्या पंचवीस प्लेटा सांगून ठेवल्या होत्या. त्या मागच्या बाकावर एकीवर एक रचून ठेवल्या होत्या.

माझं नशीब असं की त्याच वेळी मोठ्या सभागृहात परदेशातून आलेल्या कुणा प्राध्यापकांचं भाषण होतं, उद्याची शहरं वगैरे. मुलांना हजेरी सक्तीची. स्टाफला जेवण. मग माझ्या नदीकडे कोण फिरकणार. माझे मार्गदर्शक वसगडेकर सर आले तेच घड्याळ बघत. पाहुण्यांचा सत्कार त्यांच्या हस्ते होता. समितीचे दुसरे सदस्य येऊन फॉर्मवर सही करून गेले. ते पुन्हा येणार आहेत का, असं मी सरांना विचारलं, तर सर म्हणाले, तू सुरू कर शालन, वीस मिनिटांत आटप.

मी सुरू करणार तेवढ्यात दारात यशवंतमामा दिसले.

हे यशवंत धोंडी कोळी. माळेवाडीच्या पुलाजवळ तांबडी नदीत पाण्याची उंची मोजायची एक पट्टी रोवलेली आहे. मामा तिथं सरकारी गेज रीडर होते. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला घाट उतरून जायचं, पट्टीवर पाणी कुठं आलंय ते बघायचं आणि वहीत तारीख, वेळ आणि आकडा लिहायचा. हे त्यांनी एकतीस वर्षं केलं. माझा अख्खा प्रबंध त्यांच्या वह्यांवर उभा होता. वह्या समजून घ्यायला मी चार-सहा वेळा माळेवाडीला गेले होते आणि दर वेळी त्यांच्या सुनेच्या हातची भाकरी खाऊन आले होते. सगळं जग मला मॅडम म्हणायचं, ते मात्र बाई म्हणायचे, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. सेमिनारची छापील सूचना मी त्यांना रीत म्हणून पोस्टानं पाठवली होती. त्यावर खाली छापलेलं असतं, सर्व इच्छुकांनी उपस्थित राहावे. इतक्या वर्षांत त्या वाक्यावर विश्वास ठेवून आलेला मी पाहिलेला हा पहिला माणूस.

इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, हातात कापडी पिशवी. दोन एसट्या बदलून आले होते. दारातच चपला काढायला लागले, तेव्हा मी खाली उतरून त्यांना आत घेतलं आणि तिसऱ्या रांगेत बसवलं. पहिल्या रांगेत बसा म्हटलं तर नको म्हणाले. दिनकरनं सवयीनं हजेरीचा कागद त्यांच्यापुढे धरला. मामांनी खिशातला चष्मा काढून घातला, आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मग सावकाश लिहिलं: य. धों. कोळी, ११.२०. वेळेचा रकाना त्या कागदावर नव्हताच.

पडद्यावरचं माझं दुसरं चित्रच त्यांच्या नावाचं होतं. नोंदींसाठी आभार: श्री. यशवंत धोंडी कोळी, गेज रीडर (निवृत्त). ते पडद्यावर आलं तसे मामा अर्धवट उठून उभे राहिले. आपलं नाव पुकारलं की उभं राहायचं असतं असं त्यांना वाटलं असावं. मग इकडे तिकडे बघून बसले. मला गंमत वाटली. माझ्या त्या दिवशी कुणीतरी माझं आलं होतं.

मी बोलत गेले. माझं म्हणणं साधं होतं. नदीतलं पाणी किती उंचीवर आलं की किती पाणी वाहत असतं, याचं एक गणित असतं. ते आधी एका चांगल्या हंगामाच्या नोंदींवर बसवायचं आणि मग बाकीची वर्षं त्याच्याशी ताडून बघायची. त्यावरून नदीचा तळ गाळानं किती वर आला ते कळतं. माझा चांगला हंगाम होता एक्क्याण्णवचा. पडद्यावर निळ्या ठिपक्यांचा आलेख आला आणि मी माझं आवडतं वाक्य बोलले, घरी आरशासमोर दहा वेळा म्हटलेलं.

"नऊ जुलै ते अठरा ऑगस्ट. एक्केचाळीस दिवस. एकतीस वर्षांतल्या या सर्वांत स्वच्छ नोंदी आहेत."

आणि होत्याच तशा. सगळे ठिपके रेषेवर ओळीनं बसलेले. पुढचं वाक्यही पाठ होतं, ते जिभेवरून आपोआप घसरलं. एकोणीस ऑगस्टपासून ठिपके विस्कळीत होतात, इथून पुढे नोंदी घेणाऱ्याचं लक्ष उडालेलं दिसतं, म्हणून हा भाग विश्वासार्ह धरलेला नाही.

वाक्य संपता संपता माझ्या लक्षात आलं की नोंदी घेणारा समोर बसलाय. मी चटकन तिकडे बघितलं. मामा पडद्याकडे बघत नव्हते. मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून खाली बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला मी चारचौघांत निष्काळजी म्हटलं होतं. चारचौघे कुठले, तिघांत. पुढची चित्रं मी कशीबशी रेटली.

वसगडेकर सरांनी काही प्रश्न आहेत का, असं रिकाम्या खुर्च्यांना विचारलं, फॉर्मवर 'समाधानकारक' लिहिलं, अभिनंदन म्हणाले आणि सत्काराला गेले. दिनकर दोन प्लेटा बाजूला ठेवून बाकीच्या स्टाफरूममध्ये पोचवायला गेला. हॉलमध्ये आम्ही दोघंच उरलो.

मी प्लेट घेऊन मामांच्या शेजारी बसले आणि माफी मागितली. तुम्हाला उद्देशून नव्हतं ते, अशी बोलायची पद्धत असते आमच्यात, असं काहीबाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. कचोरीला हात लावला नाही.

"बाई, एक इचारू? त्ये स्वच्छ म्हणालासा, त्ये एक्क्यान्नवचंच न्हवं?"

"हो मामा."

"आनि मागनं लक्ष उडालं म्हणालासा, त्ये एकुनीस तारखंपास्नं."

मी पुन्हा चुकलं म्हणायला लागले तर त्यांनी हातानं थांबवलं.

"तसं न्हवं. उलटं हाय त्ये."

मला काहीच कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं, थांबत थांबत, माझ्याकडे न बघता. एक्क्याण्णवच्या जुलैत त्यांची बायको, हौसाबाई, आजारी पडली. तिला तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. पोरं लहान, जवळ बसायला दुसरं कुणी नाही. रजा मागितली तर बदली माणूस नव्हता. शनिवारी साहेब वही बघायला यायचे, तेवढ्यापुरतं मामा माळेवाडीला जायचे. बाकीचे दिवस नदीवर कुणीच नव्हतं. दवाखान्याच्या जिन्यात बसून त्यांनी सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत भरले.

"मनानं?" मी विचारलं.

"मनानं म्हंजे... नदी ठावी हुती की. डोंगराकडं ढग किती हायती बगायचं, येनाऱ्याजानाऱ्याला पानी कुठवर हाय इचारायचं. पाऊस एवढा झाला तर परवा दिशी पानी एवढं येनार. चुकत नसंल फारसं. पर बघिटलं न्हाई त्ये न्हाईच."

"आणि अठरा ऑगस्टला?"

"अठराला हौसा गेली." त्यांनी पिशवी मांडीवर सारखी केली. "एकुनीसला सुतकातच पट्टीवर गेलो. घरात बसवंना. त्येच्या म्होरलं सगळं डोळ्यानं बघून लिवल्यालं हाय, बाई. अक्षर तेवढं वाकडं आलंय. त्या साली नदीच येड्यागत वागत हुती, पानी चढायचं न्हाई तर एकदम चढायचं. त्याला मी काय करनार?"

नऊ वर्षं मी छाती फुगवून ज्या ठिपक्यांकडे बघत आले ते रेषेवर बसले होते कारण ते एका माणसाच्या डोक्यातून आले होते. खरी नदी कधी अशी शिस्तीत वागत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळायला हवं. मी नदीचं गणित मांडलंच नव्हतं. मी यशवंतमामांच्या अंदाजाचं गणित मांडलं होतं, आणि त्यांच्या खऱ्या नोंदी विश्वासार्ह नाहीत म्हणून बाजूला टाकल्या होत्या. आता ते एक्केचाळीस दिवस काढले की आलेख पडला, आलेख पडला की तिसऱ्या प्रकरणापासून सगळंच पडलं. नव्यानं करायचं म्हणजे वर्ष-दीड वर्ष. माझ्याकडे साडेतीन महिने होते.

मला मामांचा राग आला. खोटं कशाला बोलू. ते आले नसते तर मला कधीच कळलं नसतं, आणि मी सुखानं डॉक्टर झाले असते. हा माणूस पांढरा सदरा घालून एवढ्या लांब आला तो हे सांगायला, असं मनात आलं. खरं तर ते नाव बघायला आले होते, सांगायला मी भाग पाडलं होतं.

"हे कुणाला ठाऊक आहे?" मी विचारलं.

"कुनालाच न्हाई. पोरास्नी बी न्हाई. तुमी त्येलाच स्वच्छ म्हणालासा, म्हून मग गप बसवंना." मग ते जरा संकोचून म्हणाले, "ते दीस काढून टाका बाई. पर नाव तेवढं ऱ्हाऊ द्या, काढू नगासा. बाकीची एकतीस वर्सं खरी हायती."

"हो," मी म्हणाले. "काढते. नाव राहील."

"बुक झालं की नावाचं पान तेवढं धाडा. घरात लावीन म्हन्तो."

त्यालाही मी हो म्हणाले. मग त्यांनी कचोरी खाल्ली, पेढा नातीला म्हणून कागदात गुंडाळून पिशवीत टाकला. मी त्यांना गेटसमोरच्या स्टॉपपर्यंत सोडायला गेले. एसटी आल्यावर पायरीवर पाय ठेवून ते मागं वळले आणि म्हणाले की पंधरा वर्षं पोटात होतं, आज हलकं वाटलं. मी हात हलवला. त्यांचं ओझं आता कुणाकडे आलंय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

तशीच मी मोठ्या सभागृहाकडे गेले. भाषण संपून जेवणं सुरू झाली होती. सगळा विभाग तिथं होता. माझ्या हजेरीच्या कागदावरचे एकोणीसही असतील, रजेवरचे सोडून. वसगडेकर सर हातात पुष्पगुच्छ धरून उभे होते. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं. ते वाईट माणूस नव्हते. माझ्यासाठी दोनदा मुदतवाढ त्यांनीच भांडून आणली होती.

त्यांनी मला विचारलं, हे त्यांनी लेखी दिलंय का? नाही. खात्याच्या वहीवर साहेबाची सही आहे ना? आहे. मग वही हाच पुरावा, म्हाताऱ्या माणसाची पंधरा वर्षांपूर्वीची आठवण हा पुरावा नाही. प्रत्येकाच्या नोंदींत असं काही ना काही असतंच, आपण कुठं कुठं बघत बसणार. मी म्हटलं, पण सर, मला आता माहीत आहे.

सरांनी पुष्पगुच्छ या हातातून त्या हातात घेतला.

"शालन, एकतीस मार्च आहे. नंतर मी काही करू शकणार नाही. तू एक कर. ऋणनिर्देशातून त्या माणसाचं नाव काढून टाक. नोंदी खात्याच्या, बास. उद्या परीक्षकाला वाटलं चला भेटू या, तर पंचाईत नको."

मी जेवले नाही. घरी आले. आठवडाभर नोंदवह्या टेबलावर उघड्याच ठेवल्या होत्या आणि मी स्वयंपाकघरात उभ्यानं जेवत होते. फोन उचलून कुणाशी बोलावं असं वाटायचं, पण कुणाशी? भावाला नदीचं नावही आठवत नव्हतं. हे सगळं ज्याला समजलं असतं असा एकच माणूस होता आणि तो माळेवाडीला होता. त्याला मी काय विचारणार होते, तुम्ही सांगितलेलं विसरू का म्हणून?

मार्चच्या वीस तारखेला प्रबंध बांधून आला. काळं पुठ्ठ्याचं कव्हर, सोनेरी अक्षरं, पाच प्रती. आलेख जसाच्या तसा. एक्केचाळीस दिवस मी ठेवले आणि नाव काढलं.

सहा महिन्यांनी तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांनी त्या आलेखाचं खास कौतुक केलं. दारावरची पाटी बदलली, डॉ. शालन कुडचे झाली. विभागात पेढे वाटले, सगळ्यांनी खाल्ले. त्या संध्याकाळी घरी येऊन कुकर लावला आणि टेबल पुसलं. ते रिकामंच राहिलं. पुढं मी संशोधनाच्या वाटेला गेले नाही. मला कुणी कधी विचारलंही नाही का ते.

मामांचं पोस्टकार्ड मात्र त्याच्या आधीच, मे महिन्यात आलं होतं. 'बाई, बुक झालं का. माझ्या नावाचं पान तेवढं धाडावं. कळावे. य. धों. कोळी. ता. ६ मे, वेळ ८.००.' ते कार्ड दोन दिवस पर्समध्ये होतं. तिसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटरसमोर बसले आणि एक पान टाइप केलं. वर ऋणनिर्देश. खाली: श्री. यशवंत धोंडी कोळी यांनी एकतीस वर्षं निष्ठेनं घेतलेल्या नोंदींशिवाय हे संशोधन झालं नसतं. त्यांनी स्वतः प्रामाणिकपणे दाखवून दिलेल्या एक्केचाळीस दिवसांच्या नोंदी या प्रबंधातून गाळल्या आहेत. प्रबंधाचाच कागद, प्रबंधाचीच अक्षरं, खाली पानाचा आकडाही घातला. हुबेहूब. लिफाफ्यात घालून पोस्टात टाकलं.

त्यानंतर मी माळेवाडीला गेले नाही. त्यांची दोन-तीन कार्डं आली, वेळ घालून. मी दिवाळीचं शुभेच्छापत्र पाठवायची. मग कार्डं यायची बंद झाली. म्हातारे झाले असतील, लिहवत नसेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली.

बारा वर्षांनी, दोन हजार अठराच्या ऑगस्टमध्ये, मला एका मुलीचा फोन आला. ऋतुजा कोळी, यशवंत कोळींची नात. आण्णा, म्हणजे मामा, मे महिन्यात गेले, आणि तिला आमच्याच कॉलेजात स्थापत्यला प्रवेश मिळाला होता. आण्णा सांगून गेलेत बाईंना भेट म्हणून, तर कधी येऊ, असं ती विचारत होती. मीच येते म्हटलं. आता जाण्यात धोका नव्हता, असंही मनात आलं. अशी मी.

घर तेच होतं. भिंतीवर हौसाबाईंचा फोटो, शेजारी मामांचा नवा फोटो आणि दोन्हींच्या मध्ये, काचेच्या फ्रेममध्ये, मी टाइप केलेलं पान. त्याला घातलेला हार ताजा होता. मामांचा मुलगा भीमराव मला सांगत होता की गावात कुणीही आलं की आण्णा आधी ते पान दाखवायचे. त्यांनी दवाखान्यातली हकिगत शेवटी घरात सगळ्यांना सांगितली होती, पण पान दाखवूनच.

"म्हणायचे, मी खोटं लिवलं ते बाईंनी गाळलं आनि माझं नाव ठेवलं. शिकल्याली मान्सं अशी असत्यात."

समोर चहा होता. मी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. ऋतुजा माझ्याजवळ येऊन बसली. तिचे डोळे थेट मामांचे होते.

"मॅडम, ते पुस्तक कॉलेजच्या लायब्ररीत असेल ना? मला बघायचंय. ते पान पुस्तकात कसं दिसतं ते."

जुने प्रबंध गोदामात टाकले, असं सांगता आलं असतं. वाक्य तोंडापर्यंत आलंही होतं. ती फोनवर लिहून घ्यायला तयार होऊन बसली होती, आणि आधी तिनं वर बघून घड्याळात किती वाजले ते बघितलं.

"तिसरा मजला," मी म्हणाले. "स्थापत्यचं शेवटचं कपाट. क्रमांक पाचशे चौदा." क्रमांक खरा सांगितला.

ती सोमवारी कॉलेजात हजर होणार होती. सोमवारी फोन आला नाही. मंगळवारी मी घरी आले, पर्स टेबलावर ठेवली, आणि कुकर लावण्याआधीच फोन वाजला.

"मॅडम, पुस्तक मिळालं. पण ते पान त्यात नाहीये. मी दोनदा बघितलं."

"नाहीच मिळणार. ते पान मी एकच छापलं होतं. तुझ्या आण्णांसाठी."

"आणि ते एक्केचाळीस दिवस आहेत त्यात."

"आहेत."

"का?" एवढंच तिनं विचारलं.

साडेपाच वाजून गेले होते. मी खुर्ची ओढून घेतली आणि तिला हजेरीच्या कागदापासून सांगायला सुरुवात केली.